लांब लहर, आखूड लहर आणि प्रकाशाचा वेग

१. तांबडा पुढे की जांभळा?

शाळेत इंद्रधनुष्याचे रंग पाठ करताना आपण हेही शिकतो, की तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त असते आणि जांभळ्याची कमी. पुस्तकात शेजारीशेजारी दोन नागमोडी रेषा काढलेल्या असतात. तांबडीचे वळसे ऐसपैस, जांभळीचे दाटीवाटीचे. ते चित्र बघून चौकस मुलाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: मग या दोघांत जास्त वेगाने कोण जातो?

मोठी माणसेही हा प्रश्न विचारतात आणि आपापली उत्तरे देतात. कोणाला वाटते, लांब लहरीचा तांबडा पुढे असणार. कोणी म्हणते, जांभळ्यात ऊर्जा जास्त, म्हणून तो पुढे. ज्यांना शाळेतले सूत्र आठवत असते, त्यांचा युक्तिवाद सर्वांत पक्का वाटतो. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. तेव्हा तरंगलांबी दुप्पट झाली, तर वेगही दुप्पट व्हायलाच हवा!

सूत्र खरे आहे, पण त्यातून काढलेला हा निष्कर्ष खरा नाही. यातला घोटाळा नीट सोडवला, तर रेडिओपासून इंद्रधनुष्यापर्यंत आणि मीटरच्या व्याख्येपासून जुन्नर तालुक्यातल्या दुर्बिणीपर्यंत पुष्कळ गोष्टी एकाच धाग्याने उलगडतात. म्हणून घाई न करता एकेक पायरी चढू.

२. दिंडीतल्या रांगा

आषाढी वारीत पुण्याहून सासवडकडे निघालेली एखादी दिंडी डोळ्यांसमोर आणा. वारकरी रांगा धरून, टाळांच्या ठेक्यावर चालले आहेत. तुम्ही रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली उभे आहात. तुम्हाला तीन गोष्टी मोजता येतील. पहिली, दिंडीचा चालण्याचा वेग. तो मिनिटाला ६० मीटर धरू. दुसरी, लागोपाठच्या दोन रांगांमधले अंतर. ते २ मीटर धरू. तिसरी, एका मिनिटात झाडासमोरून किती रांगा गेल्या. मिनिटाला ६० मीटर लांबीची दिंडी तुमच्यासमोरून पुढे सरकते आणि दर २ मीटरला एक रांग आहे. म्हणजे ३० रांगा.

तिच्यामागून दुसरी दिंडी येते. चाल तीच, मिनिटाला ६० मीटर. मात्र रांगा दाट आहेत, एकेका मीटरवर. आता मिनिटाला ६० रांगा जातील. रांगांमधले अंतर निम्मे झाले, मोजलेल्या रांगा दुप्पट झाल्या. चाल तसूभरही बदलली नाही.

प्रकाशाच्या लहरीत रांगेच्या जागी असते लहरीचे शिखर. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात एका जागेवरून जितकी शिखरे जातात, ती संख्या म्हणजे वारंवारता. सेकंदाला एक शिखर म्हणजे १ हर्ट्झ. या दोन संख्यांचा गुणाकार केला, की लहर सेकंदाला किती पुढे गेली ते कळते.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. दिंडीत माणसे खरोखर पुढे जातात. प्रकाशाच्या लहरीत कोणतीही वस्तू पुढे सरकत नाही. अवकाशातल्या प्रत्येक ठिकाणी विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र वाढते, ओसरते, उलट्या दिशेने वाढते, आणि ही चढउतार एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी पोचत जाते. तरी रांगा मोजण्याचा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो.

हा फक्त हिशेब आहे, हेच मला आग्रहाने सांगायचे आहे. सूत्र तीन राशींचा मेळ घालून देते. त्यांपैकी कोणती राशी कोणी ठरवली, हे ते सांगत नाही. ते दर वेळी आपल्याला वेगळे विचारावे लागते. मूळ घोटाळा होतो तो हे न विचारल्यामुळे.

३. रेडिओच्या तबकडीवरचे दोन आकडे

ज्यांनी जुने रेडिओ वापरले आहेत, त्यांना तबकडीवरचे दुहेरी आकडे आठवत असतील. एका पट्टीवर किलोहर्ट्झ, दुसरीवर मीटर. आकाशवाणीचे निवेदकही केंद्राचे नाव सांगताना दोन्ही आकडे सांगत. किलोहर्ट्झचा आकडा वारंवारतेचा, मीटरचा आकडा तरंगलांबीचा. रेडिओलहरी हाही प्रकाशाचाच प्रकार. डोळ्यांना तो दिसत नाही, एवढेच.

आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागते. म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार शिखरे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. ३० कोटींना ७ लाख ९२ हजारांनी भागा, उत्तर येते सुमारे ३७९ मीटर. केंद्राच्या मनोऱ्यातून निघालेल्या लहरीच्या दोन शिखरांमध्ये इतके अंतर असते! एफएमचे एखादे केंद्र १०० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. मेगाहर्ट्झ म्हणजे १० लाख हर्ट्झ. तिथे तरंगलांबी ३ मीटर. रेडिओची ओढून लांब करायची अँटेना अनेकदा पाऊण मीटरच्या आसपास असते, ती याच ३ मीटरांचा पाव हिस्सा धरून. लक्षात ठेवायला सोपा ताळा असा: मीटरचा आकडा गुणिले मेगाहर्ट्झचा आकडा बरोबर ३००. शॉर्टवेव्हचा ‘३१ मीटर’चा पट्टा साडेनऊ-पावणेदहा मेगाहर्ट्झच्या जवळपास का असतो, ते या ताळ्यावरून लगेच कळते.

हा गुणाकार घरातही करून बघता येतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या पाठीमागच्या पट्टीवर बहुधा २४५० मेगाहर्ट्झ असे छापलेले असते. ३०० ला २४५० ने भागले, की तरंगलांबी येते सुमारे १२.२ सेंटिमीटर. ओव्हनच्या धातूच्या भिंतींवर आपटून लहरी परत फिरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही जागा जास्त तापतात, काही जवळजवळ थंड राहतात. लागोपाठच्या दोन तापणाऱ्या जागांमधले अंतर तरंगलांबीच्या निम्मे असते. थाळी फिरती असते ती या जागांचा परिणाम पुसून काढण्यासाठी. तेव्हा फिरवणारी कडी काढून ठेवा, ताटली न फिरता राहील अशी ठेवा, तिच्यावर उडदाचा मोठा पापड ठेवा आणि दहा-पंधरा सेकंदच ओव्हन चालवा. पापड सगळीकडून एकदम फुलत नाही. काही ठिकाणी आधी पांढरा होऊन फुगतो. त्या ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजा. ओव्हन हा लांबी-रुंदी-उंची असलेला डबा असल्याने ठिपके ओबडधोबड येतात, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजून सरासरी काढलेली बरी. समजा, ती ६ सेंटिमीटर आली. दुप्पट केली, की तरंगलांबी १२ सेंटिमीटर, म्हणजे ०.१२ मीटर. तिला २४५ कोटींनी गुणले, की सेकंदाला २९.४ कोटी मीटर. एक पापड आणि एक फूटपट्टी यांनी प्रकाशाचा वेग खऱ्या आकड्याच्या इतका जवळ येऊन मिळावा, याचे मला आजही अप्रूप वाटते.

४. ठरवतो कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन राशींपैकी वारंवारता ठरवतो तो प्रकाशाचा उगम. केंद्राच्या मनोऱ्यात विद्युतप्रवाह सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा मागेपुढे होतो, म्हणून तितकी शिखरे निघतात. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यात सोडियमचा अणू ठरावीक ऊर्जा बाहेर टाकतो, म्हणून तिथून सेकंदाला सुमारे ५०९ लाख कोटी शिखरे निघतात. पुढच्या वाटेत काय आहे, याची उगमाला काही खबर नसते.

वेग ठरवते ती लहर ज्यातून जाते ती जागा. रिकाम्या अवकाशात हा वेग किती असावा, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६० च्या दशकात मांडले. वीज आणि चुंबक यांच्यावरच्या प्रयोगांतून मिळालेल्या स्थिरांकांवरून त्याने विद्युतचुंबकीय लहरीचा वेग काढला, तो सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर आला. त्या काळी फिझो या शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष मोजलेला प्रकाशाचा वेग याच्या अगदी जवळ होता. त्यावरून मॅक्सवेलने प्रकाश हीच अशी लहर असल्याचा निष्कर्ष काढला. या गोष्टीचा उल्लेख सगळे करतात. आपल्या प्रश्नासाठी मात्र त्या गणितातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची आहे. वेगाच्या त्या सूत्रात तरंगलांबीला जागाच नाही. वारंवारतेलाही नाही. ७९२ किलोहर्ट्झ असो की सोडियमचा पिवळा, रिकाम्या अवकाशाने दिलेला वेग एकच.

मग तरंगलांबी कोण ठरवते? कोणीच स्वतंत्रपणे ठरवत नाही. उगमाने वारंवारता दिली, अवकाशाने वेग दिला, भागाकार करून जी उरते ती तरंगलांबी. म्हणून ‘तरंगलांबी वाढली तर वेग वाढेल’ हे म्हणणे टिकत नाही. तरंगलांबी वाढते ती वारंवारता तितक्याच प्रमाणात कमी झाली म्हणून.

हे मॅक्सवेलच्या कागदावर झाले. निसर्गात खरेच असे घडते का, ही शंका त्याच्याही आधीची आहे. १६७६ मध्ये ओले रोमर याने गुरूच्या एका चंद्राच्या ग्रहणांच्या वेळांवरून प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे दाखवले होते. पुढे १६९१ मध्ये न्यूटनने खगोलवेत्ता जॉन फ्लॅमस्टीड याला पत्रातून विचारले, की गुरूचे चंद्र सावलीत शिरताना किंवा बाहेर येताना रंग बदलल्यासारखे दिसतात का? प्रश्नामागचा विचार असा. समजा, तांबडा प्रकाश थोडा वेगवान असता, तर चंद्र सावलीत गेल्यावर त्याचा शेवटचा तांबडा किरण आधी पोचून संपला असता आणि मागे राहिलेल्या निळ्या-जांभळ्यामुळे चंद्र क्षणभर निळसर दिसला असता. फ्लॅमस्टीडला असा काही रंगबदल आढळला नव्हता.

आपल्या काळात हीच परीक्षा कल्पनेपलीकडे कडक झाली आहे. १० मे २००९ रोजी फर्मी या अवकाश दुर्बिणीने गॅमा किरणांचा एक लहानसा स्फोट टिपला. तो प्रकाश सुमारे ७३० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. त्यात एक प्रकाशकण असा होता, की त्याची ऊर्जा दृश्य प्रकाशकणाच्या हजार कोटी पटींहून अधिक होती, आणि प्रकाशकणाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असल्याने तरंगलांबी तितक्या पटींनी आखूड. त्याच स्फोटातल्या कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांची तरंगलांबी याच्या लाखो पट होती. हे सगळे शर्यतीला सोडल्यासारखे एकत्र निघाले आणि तो आखूड लहरीचा कण स्फोट दिसू लागल्यापासून एका सेकंदाच्या आत येऊन पोचला. ७३० कोटी वर्षांत एक सेकंदाचासुद्धा फरक नाही!

५. पाण्यात शिरलेला प्रकाश

आतापर्यंत रिकाम्या अवकाशाबद्दल बोललो. हवाही जवळजवळ तशीच. पाण्यात आणि काचेत गोष्टी बदलतात. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर, साध्या काचेत दोन लाख, हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही किंचित खाली. रिकाम्या अवकाशातल्या वेगाला त्या पदार्थातल्या वेगाने भागले, की येतो त्या पदार्थाचा अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, काचेचा साधारण १.५, हिऱ्याचा २.४२.

वेग कमी झाला, म्हणजे गुणाकारातल्या दोनपैकी निदान एक राशी कमी व्हायलाच हवी. कोणती? पुन्हा दिंडीकडे जाऊ. डांबरी रस्ता संपला आणि पुढे पावसाने चिखल झालेले रान लागले. चिखलात चाल मिनिटाला ४० मीटरवर आली. रस्त्यावरून मिनिटाला ३० रांगा चिखलाच्या कडेशी येत आहेत. चिखलात मिनिटाला २० च शिरल्या, तर उरलेल्या १० कुठे जातील? कडेशी गर्दी साचतच जाईल. दिंडी सुरळीत चालू आहे, त्या अर्थी ३० आल्या तर ३० च शिरल्या. चाल कमी झाली, रांगांची संख्या तीच राहिली, म्हणून रांगा जवळजवळ आल्या. ४० भागिले ३०, म्हणजे अंतर २ मीटरवरून सव्वा मीटरच्या थोडे वर.

प्रकाशाचेही तेच. पाण्याच्या पृष्ठभागावर शिखरे निर्माण होत नाहीत आणि नाहीशीही होत नाहीत. वारंवारता उगमाने दिलेली तीच राहते. वेग कमी होतो आणि तरंगलांबी त्या प्रमाणात आखडते. ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पाण्यात शिरला, की त्याची तरंगलांबी ६५० भागिले १.३३, म्हणजे सुमारे ४८९ नॅनोमीटर होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.

इथे जाणकार वाचक थबकतो, आणि थबकायलाच हवे. हवेत ४८९ नॅनोमीटरचा प्रकाश निळा दिसतो. मग विहिरीत बुडी मारणाऱ्याला समोरचे तांबडे फडके निळे दिसायला नको का? थोड्या खोलीवर ते तांबडेच दिसते. याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिले असे, की डोळ्याच्या पडद्यावरची रंगद्रव्ये तरंगलांबी मोजत नाहीत. प्रकाशकणाने आणलेल्या ऊर्जेला ती प्रतिसाद देतात, आणि ती ऊर्जा वारंवारतेवर ठरते. वारंवारता पाण्यात बदललेली नाही. दुसरे उत्तर मला जास्त आवडते. आपला डोळा आतून पाणीदार द्रवानेच भरलेला आहे. तुम्ही विहिरीत असा की ओसरीवर बसलेले असा, प्रकाश डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो तो त्या द्रवातूनच आखडून. ‘तांबडा’ म्हणून आपण जन्मभर जो रंग पाहिला, तो पडद्यावर पोचला तेव्हा कधीच ६५० नॅनोमीटरचा नव्हता. तक्त्यांमध्ये रंगांच्या ज्या तरंगलांब्या दिलेल्या असतात, त्या हवेतल्या किंवा रिकाम्या अवकाशातल्या समजायच्या असतात. रंगाची खरी ओळख सांगायची, तर ती वारंवारतेने सांगावी.

(खूप खोल पाण्यात तांबडे फडके काळपट दिसते हे खरे. पण त्याचे कारण वेगळे. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि तो तिथवर पोचतच नाही.)

६. काचेत मात्र रंगागणिक वेग वेगळा

चौकस मुलाच्या प्रश्नाला आता खरे उत्तर देता येईल. रिकाम्या अवकाशात तांबडा आणि जांभळा बरोबरीने जातात. काचेत तांबडा पुढे असतो.

नेहमीच्या भिंगांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका काचेचा अपवर्तनांक तांबड्यासाठी १.५१४ आणि निळ्यासाठी १.५२२ आहे. भागाकार करून बघा. तांबडा सेकंदाला सुमारे १ लाख ९८ हजार किलोमीटर, निळा १ लाख ९७ हजार. शेकड्याला जेमतेम अर्ध्याचा फरक.

हा फरक का पडतो, ते समजायला प्रकाश काचेत संथ का होतो हेच आधी पाहावे लागते. लहरीतले विद्युतक्षेत्र काचेच्या अणूंमधल्या इलेक्ट्रॉनना हलवते. हलणारे इलेक्ट्रॉन स्वतःच्या छोट्या लहरी बाहेर टाकतात. त्यांची वारंवारता तीच असते, पण त्या किंचित उशिराने निघतात. मूळ लहर आणि या उशिरा निघालेल्या लहरी एकत्र झाल्या, की जी लहर तयार होते तिची शिखरे मागे पडत जातात. तिलाच आपण संथ झालेला प्रकाश म्हणतो. काचेतल्या इलेक्ट्रॉनना स्वतःची अशी एक आवडती वारंवारता असते आणि ती जांभळ्याच्याही पलीकडे, अतिनील भागात आहे. बाहेरून येणाऱ्या लहरीची वारंवारता तिच्या जितकी जवळ, तितके इलेक्ट्रॉन जोराने साथ देतात आणि तितका विलंब जास्त. जांभळा जवळ, तांबडा दूर. म्हणून जांभळा जास्त रेंगाळतो.

रिकाम्या अवकाशात असे हलायला इलेक्ट्रॉनच नाहीत. म्हणून तिथे रंगांत भेदही नाही.

वेग बदलला, की तिरप्या शिरणाऱ्या किरणाची दिशा बदलते. रंगागणिक वेग वेगळा, म्हणून वळणही वेगळे, आणि लोलकातून पांढरा प्रकाश रंगांत उलगडून बाहेर पडतो. पाठ्यपुस्तके याला अपस्करण म्हणतात. पावसाच्या थेंबात हेच घडते. तिथून परत फिरलेला तांबडा प्रकाश सूर्यकिरणांच्या दिशेशी सुमारे ४२ अंशांवर आपल्याला भेटतो, जांभळा ४० अंशांवर. त्या दोन अंशांत इंद्रधनुष्याचा सगळा पट्टा मावलेला असतो.

आजच्या घडीला अपस्करणाशी सर्वांत जास्त झगडतात ते दूरसंचार अभियंते. मुंबई-दिल्लीदरम्यान प्रकाशतंतूची लांबी १,४०० किलोमीटर धरू. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे प्रवासाला एक सहस्रांश सेकंदाच्या सातपट वेळ लागतो. ठीक आहे. पण लेसरचा प्रकाशही अगदी एकाच तरंगलांबीचा नसतो. नेहमीच्या तंतूत १,५५० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबीत १ नॅनोमीटरचा फरक असेल, तर दर किलोमीटरला पोचण्याच्या वेळेत सुमारे १७ पिकोसेकंदांचा फरक पडतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटी भागांतला एक भाग. समजा, लेसरच्या तरंगलांबीचा पसारा फक्त एक दशांश नॅनोमीटर आहे. १,४०० किलोमीटरनंतर, निरोप वाहणारा प्रकाशाचा प्रत्येक स्पंद पसरतो जवळजवळ २,४०० पिकोसेकंदांनी. सेकंदाला हजार कोटी स्पंद पाठवायचे, तर एका स्पंदाच्या वाट्याला येतात १०० पिकोसेकंद. म्हणजे प्रत्येक स्पंद पुढच्या वीस-पंचवीस स्पंदांवर सांडणार आणि निरोप वाचता येणार नाही! यावर इलाज म्हणून उलट्या गुणधर्माचा तंतू मध्ये जोडतात किंवा पोचलेल्या संकेतावर संगणकी प्रक्रिया करून पसरलेले स्पंद पुन्हा आवरतात.

७. गुणाकाराने मोजलेला वेग

फिझो आणि पुढे मायकेलसन या शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा वेग मोजला तो अंतर आणि वेळ मोजून. आपल्या सूत्राने दुसरी वाट दाखवली. वारंवारता मोजा, तरंगलांबी मोजा, गुणाकार करा.

या वाटेने पहिले पाऊल टाकले ते कार्ल्सरूहे इथल्या हाइनरिश हर्ट्झने. त्याने १८८८ मध्ये ठिणग्यांनी लहरी निर्माण करून त्या जस्ताच्या मोठ्या पत्र्यावरून परतवल्या आणि लहर कुठे जोरदार आहे, कुठे नाहीशी होते, ते खोलीभर फिरून शोधले. पापडावरच्या ठिपक्यांमागचे तत्त्व हेच. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एसेन आणि फ्रूम यांनी सूक्ष्मलहरींवर (म्हणजे मायक्रोवेव्हवर) ही पद्धत फार बारकाईने वापरली. १९५८ मध्ये फ्रूमचा आकडा होता सेकंदाला २,९९,७९२.५ किलोमीटर, चुकीची शक्यता दशांश किलोमीटर.

खरी उडी मारायची होती ती लेसरने. तरंगलांबी जितकी आखूड, तितकी ती मोजायची अचूकता वाढते. पण वारंवारता मोजणे तितकेच अवघड होते. अवरक्त लेसरची शिखरे सेकंदाला ८८ लाख कोटी. इतके मोजणारे यंत्रच नव्हते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे केनेथ इव्हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजता येणाऱ्या सूक्ष्मलहरींपासून सुरुवात करून, एका लेसरच्या वारंवारतेची पट दुसऱ्याशी ताडत, पायरीपायरीने वर चढत त्या लेसरपर्यंत पोचण्याची साखळी उभारली. १९७२ मध्ये त्यांचे आकडे आले. वारंवारता ८८.३७६१८१६२७ लाख कोटी हर्ट्झ, तरंगलांबी ३.३९२२३१३७६ मायक्रोमीटर. मायक्रोमीटर म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग. गुणाकार: सेकंदाला २९,९७,९२,४५६.२ मीटर. चुकीची शक्यता मीटरभराची.

तीस कोटींत एका मीटरची चूक! आणि ती उरण्याचे मुख्य कारण लेसर नव्हते, मीटर होता. १९६० पासून मीटरची व्याख्या क्रिप्टॉन-८६ या अणूच्या नारिंगी-तांबड्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या अशी होती. क्रिप्टॉनचा तो प्रकाश पुरेसा काटेकोर एका तरंगलांबीचा नव्हता. वेग याहून अचूक मोजायला पट्टीच अपुरी पडू लागली.

१९८३ मध्ये पॅरिसला भरलेल्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्रश्न उलटा करून टाकला. प्रकाशाचा वेग सेकंदाला नेमका २९,९७,९२,४५८ मीटर, असे ठरवूनच टाकले. एक सेकंद भागिले हा आकडा, इतक्या वेळात रिकाम्या अवकाशात प्रकाश जितका जाईल तितका मीटर. आता प्रयोगशाळेत लेसरची वारंवारता मोजतात, या ठरलेल्या आकड्याला तिने भागतात आणि तरंगलांबी मिळते. ती तरंगलांबीच पट्टी म्हणून वापरतात. तरंगलांबी ही भागाकाराने उरणारी राशी आहे, हे चौथ्या भागात आपण पाहिले. मोजमापाच्या कायद्याने ते अधिकृत केले, असे म्हणता येईल.

८. खोडदच्या जाळ्या

सुरुवातीला जुन्नर तालुक्यातल्या ज्या दुर्बिणीचा उल्लेख केला, ती म्हणजे नारायणगावजवळच्या खोडद परिसरातली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी केली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. जवळ जाऊन बघणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो तबकडीतून पलीकडचे आभाळ दिसते याचा. तिथे पत्रा नाही, पोलादी तारांची जाळी आहे. तिची भोके एक-दोन सेंटिमीटरची. ही दुर्बीण जास्तीत जास्त १,४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी टिपते, म्हणजे कमीत कमी वीसेक सेंटिमीटरच्या. भोके तरंगलांबीच्या मानाने पुरेशी लहान असली, की लहरीला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते आणि ती परावर्तित होते. ओव्हनच्या काचेमागची जाळी सूक्ष्मलहरींना आत अडवते आणि दिसणारा प्रकाश बाहेर सोडते, ते याच कारणाने. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो, खर्च आटोक्यात येतो. मर्यादित पैशांत जगातली एक आघाडीची दुर्बीण महाराष्ट्रात उभी राहू शकली, त्यात या जाळीचा वाटा मोठा आहे.

ही दुर्बीण पुष्कळदा शोधत असते हायड्रोजन. थंड हायड्रोजनचा अणू १,४२०.४ मेगाहर्ट्झची रेडिओलहर सोडतो. भागाकार केला, की तरंगलांबी २१.१ सेंटिमीटर. प्रयोगशाळेत हेच, आकाशगंगेतही हेच. पण जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निरीक्षणात, अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या संशोधकांनी जीएमआरटीवर हायड्रोजनची ही लहर टिपली ती ६२० मेगाहर्ट्झला. तरंगलांबी ४८.३ सेंटिमीटर. ती ज्या दीर्घिकेतून निघाली, तिथून तिला इथवर यायला सुमारे ८८० कोटी वर्षे लागली. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून तो अतिक्षीण संकेत कित्येक पट वाढवला, म्हणून तो सापडला.

या प्रवासात विश्व प्रसरण पावत होते आणि लहरीच्या शिखरांमधले अंतर त्याबरोबर ताणले जात होते. पाण्यात शिरताना वारंवारता टिकली होती आणि वेग बदलला होता. इथे उलट आहे. वारंवारता २.२९ पट घटली, तरंगलांबी २.२९ पट वाढली आणि वेग तसाच राहिला. ०.४८३ मीटरला ६२ कोटींनी गुणून बघा, तीस कोटींच्या जवळच आकडा येतो.

खगोलशास्त्रज्ञ याचा सरळ उपयोग करतात. ग्राहक यंत्र १,४२० मेगाहर्ट्झला लावले, तर जवळपासचा हायड्रोजन सापडेल. ७१० ला लावले, तर ज्याची लहर वाटेत दुप्पट ताणली गेली असा. ३५५ ला लावले, तर चौपट ताणलेला, म्हणजे ८४ सेंटिमीटरवर आलेला आणि त्याहून फार जुना. वारंवारता निवडली, की विश्वाच्या इतिहासातला काळ निवडला जातो. सुधारित जीएमआरटीचे ग्राहक १२० मेगाहर्ट्झपर्यंत खाली जातात. तिथे हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर अडीच मीटरची झालेली असेल. विश्वातले पहिले तारे पेटल्यानंतरच्या त्या काळातल्या हायड्रोजनचा शोध याच लांब लहरींवर घ्यावा लागतो.